शिरेतील बाटली आणि हृदयाचे संरक्षण

दिल्लीतील आमच्या शाखेत गेल्या हिवाळ्यात एक निवृत्त मराठी ग्राहक मुदत ठेव मोडण्यासाठी आले. कारण विचारता त्यांनी एक पत्रक पुढे केले. आठवड्यातून एकदा, असे तीस वेळा शिरेतून औषध घेतल्यास हृदयाच्या रक्तवाहिन्या स्वच्छ होतात, असा त्यात दावा होता. काकांना हृदयविकार नव्हता. उच्च रक्तदाब मात्र होता. ‘आता बाटल्या घ्यायच्याच आहेत’ म्हणून रक्तदाबाची गोळी त्यांनी तीन आठवड्यांपूर्वीच बंद केली होती. ठेव मोडणे हा ग्राहकाचा हक्क आहे. तथापि या दाव्यात तथ्य किती, हे पाहणे मला अगत्याचे वाटले.

साधी सलाइन

दिल्ली परिसरात ‘बोतल चढ़वाना’ हा अनेकांना शक्तिवर्धक उपाय वाटतो. त्या बाटलीत असते काय? सामान्य सलाइनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते. प्रौढ व्यक्तीने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत 25 ग्रॅम, म्हणजे सुमारे पाच चमचे साखर असते. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडले असता हेच द्रव प्राण वाचवतात. परंतु त्यांनी हृदयविकार टळत नाही. उलट दुर्बल हृदयावर जादा पाण्याचा भार पडून धाप लागू शकते.

किलेशन उपचार

पत्रकातील उपचार याहून वेगळा होता. त्यात ‘ईडीटीए’ हे रसायन शिरेतून देतात. ते शिशासारखे धातू पकडून लघवीवाटे बाहेर काढते; शिशाच्या विषबाधेवर या वर्गातील औषध खरोखर वापरले जाते. रक्तवाहिनीतील थरात कॅल्शियम असते, ते काढले की वाहिनी मोकळी होईल, असा जुना तर्क होता. मात्र तो थर मुख्यतः कोलेस्टेरॉल, पेशी व तंतू यांचा असून वाहिनीच्या भिंतीतच रुजलेला असतो.

या उपचाराची कसून परीक्षा झाली आहे. अमेरिका व कॅनडातील 1708 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयविकार व तत्सम घटना किलेशन गटात 26 टक्के, तर दुसऱ्या गटात 30 टक्के आढळल्या. मधुमेही रुग्णांत लाभ अधिक दिसला. एका वर्षाच्या नफ्यावरून संस्थेची पत ठरत नाही. म्हणून मधुमेह असलेल्या रुग्णांवर पुन्हा चाचणी झाली. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निकालात दोन्ही गटांचे प्रमाण जवळपास सारखेच, 35.6 व 35.7 टक्के निघाले. रक्तातील शिसे 61 टक्क्यांनी उतरले, पण हृदयाला लाभ झाला नाही. शिवाय या दोन्ही चाचण्यांतील सर्वांना पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला होता. काकांसारख्या व्यक्तीला त्यांतून कोणताच आधार मिळत नाही. ईडीटीएचा चुकीचा प्रकार दिल्याने रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटून मृत्यू ओढवल्याच्या नोंदीही अमेरिकेत आहेत.

खरे संरक्षण

भारतासह 52 देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने 2004 मध्ये दाखविले की, हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचा सुमारे नव्वद टक्के धोका नऊ घटकांशी निगडित आहे. तंबाखू, रक्तातील चरबी, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांची उणीव, व्यायामाचा अभाव व मद्यपानाची सवय हे ते घटक होत. यांपैकी एकही शिरेतील बाटलीने दूर होत नाही. रक्तदाबाची नित्याची गोळी मात्र जनऔषधी केंद्रात अल्प दरात मिळते.

वाचकहो, अशा उपचारासाठी पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. माझ्यासारख्या प्रकृतीच्या माणसांवर याची चाचणी झाली आहे काय? झटके व मृत्यू खरोखर घटले काय, की केवळ तपासणीतील आकडा बदलला? आणि माझी चालू औषधे बंद करण्यास माझ्या डॉक्टरांची संमती आहे काय?

काकांनी तिसरा प्रश्न त्याच सायंकाळी आपल्या डॉक्टरांना विचारला. त्यांचा रक्तदाब पुष्कळ वाढलेला निघाला. गोळी पुन्हा सुरू झाली. ठेव मोडण्याचा अर्ज त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन परत घेतला.