त्रोवसमधली रात्र आणि आपला सोमवार

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २०:४-१४, १ करिंथ १५:५८ ते १६:२



रविवारी उपासना आटोपून घरी येताना मन भरलेले असते. सोमवारी सकाळी नळाला पाणी येत नाही, बस निघून जाते, घरात कोणाला तरी ताप भरलेला असतो, आणि दुपार व्हायच्या आत कालचा संदेश कशावर होता तेही आठवत नाही. मग आपल्याला वाटते की आपलाच विश्वास कमी पडतो. या तिमाहीच्या पाठासाठी मी मुद्दाम असा भाग निवडला आहे की ज्यात उपासनेच्या ऐन मध्यावर एक विश्वासणारा झोपी जातो.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. पहिल्या शतकात रविवारी सुट्टी नसे. यहूदी लोक शब्बाथ पाळत. बाकीच्या रोमी साम्राज्यात आठवड्याचा पहिला दिवस हा कामाचाच दिवस होता. सम्राट कॉन्स्टंटाईनने रविवारच्या विश्रांतीचा कायदा केला तो इ.स. ३२१ मध्ये, आणि त्यातही शेतीच्या कामाला मोकळीक ठेवली. न्यायाधीश आणि शहरातले कारागीर विसावा घेऊ शकत. खेड्यातला माणूस शेतातच. (ही तफावत आजही फारशी मिटलेली नाही, असे आमच्या कार्यक्षेत्रात फिरताना वाटते.) म्हणजे त्रोवसची मंडळी भाकर मोडण्यासाठी जमली ती दिवसभर राबून, अंधार पडल्यावर. ही रात्र आपल्या हिशेबाने शनिवारची की रविवारची, याविषयी अभ्यासकांत दोन मते आहेत. कोणतेही धरले तरी तेथे थकलेली माणसे जमली होती यात फरक पडत नाही.

पौल दुसऱ्या दिवशी निघणार होता. त्यामुळे भाषण लांबले, मध्यरात्र झाली. लूक स्वतः तेथे हजर होता आणि एका वैद्याला सुचावे असे बारकावे त्याने टिपले आहेत : माडीवर पुष्कळ दिवे होते, युतुख नावाचा तरुण खिडकीत बसला होता, त्याला गाढ झोप लागली, आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. इतक्या तेलाच्या दिव्यांनी माडी कोंदट झाली असेल. पोरगा वाऱ्यासाठीच खिडकीत बसला असावा. युतुख म्हणजे सुदैवी. हे नाव त्या काळी दासांमध्ये पुष्कळ आढळत असे. तो दास होता असे लूक म्हणत नाही, म्हणून आपणही ठामपणे म्हणू नये. पण लूक त्याला दोषही देत नाही, आणि पौलही नाही. पौल खाली उतरतो, त्या मुलाला कवटाळतो, घाबरू नका म्हणतो. मग सगळे पुन्हा वर जातात, भाकर मोडतात, आणि उजाडेपर्यंत बोलत बसतात.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. सातपुड्यातल्या पाड्यांवरची कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एका रविवारी संध्याकाळी त्यांच्या खोपींपाशी प्रार्थनासभेला गेलो होतो. मी वचन सांगत असताना पुढेच बसलेला एक भाऊ डुलक्या घेऊ लागला. मी त्याला सर्वांदेखत टोकले, की दादा, प्रभूसाठी एक तासही जागता येत नाही का? तो ओशाळला, तोंडावर पाणी मारून आला आणि ताठ बसला. सभा झाल्यावर त्याच्या बायकोने हळूच सांगितले की आदल्या रात्री दोन वाजता गाडी भरायला आली, मोळ्या चढवता चढवता उजाडले, आणि मग पुन्हा फडात. झोपायची मुभा असताना तो माणूस आंघोळ करून प्रार्थनेला आला होता. त्या रात्री खोपीबाहेर पडून मी कृत्ये २० वाचले. तोवर तो अध्याय मी लांबलेल्या प्रवचनावर विनोद करायलाच वापरत असे.

आता पौलाचा दुसरा दिवस पाहा. तेराव्या वचनात सोबती तारवाने अस्सासला जातात, पौल मात्र पायी निघतो. वाट लांबची. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आणि सकाळी चालायला सुरुवात. तो का चालत गेला हे लिहिलेले नाही. एकांत हवा होता, कोणाला भेटायचे होते, काहीही असेल. वचनातून एवढेच कळते की एवढ्या मोठ्या रात्रीनंतरची सकाळ साध्या पायपिटीची होती, आणि दोन्ही त्याच प्रभूच्या सेवेत बसत होते.

आपणां देणगीदारांसाठी या प्रवासात आणखी एक धागा आहे. चौथ्या वचनात पौलाच्या सात सोबत्यांची नावे आहेत. ते निरनिराळ्या ठिकाणचे होते, आणि यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी मंडळ्यांनी जमवलेली वर्गणी पोहोचवणारे ते प्रतिनिधी असावेत, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. ही वर्गणी जमली कशी? करिंथकरांस पौल लिहितो की दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला ठेवावे, म्हणजे तो आल्यावर धावपळ नको. याच्या अगदी आधीचे वचन म्हणजे १५:५८ : पुनरुत्थान झाले आहे म्हणून स्थिर राहा, प्रभूमधले तुमचे श्रम फुकट जात नाहीत. मूळ पत्रात अध्यायांचे आकडे नव्हते. पुनरुत्थानाचा विषय आणि डब्यात टाकायचा पैसा एका दमात येतात. पौलाने चिकाटी शिकवली ती अशी, मोठ्या आवेशाने एकदाच नव्हे तर आठवड्याला थोडी थोडी. आपण कष्टाने पाठवता त्या रकमांतून वसतिगृहातल्या मुलांची डाळ आणि वह्या याच रीतीने येतात.

घरगुती सभेत हा पाठ घेताना एक प्रश्न जरूर विचारावा : आपल्या मंडळीत खिडकीत बसणारा कोण आहे, आणि तो शेवटचा केव्हा नीट झोपला? उत्तर आले नाही तर पाठ तेथेच थांबवून त्याच्या घरी जाऊन यावे.

प्रार्थनेसाठी : येत्या हंगामात कोयते पुन्हा खाली उतरतील. मागे आजीआजोबांजवळ राहणाऱ्या लेकरांसाठी, आणि ज्या भावाला मी टोकले त्याच्यासाठी. गेल्या वर्षी उचल पूर्ण फिटली नाही, म्हणून तो यंदाही जाणार आहे.