तळं कोरडं आहे तोवर

सिंदेवाही, 4 मे

चि. रेणुकास,


टेंभरं खाल्लीस, चारोळीची फळं चोखलीस, मजेत आहेस. आणि खाली लिहितेस, ‘विहिरी तळाला गेल्या असताना मला उन्हाळा आवडतो, हे बरं नव्हे.’ बरं का नव्हे? तुमच्या आरमोरीकडे काय, आमच्याकडे काय, उन्हाळा हा हातात पैसा येण्याचा हंगाम. मोहफुलं सरली की तेंदूपत्ता. फळीवर, म्हणजे पत्ता खरेदीच्या जागेवर, 70 पानांचे पुडे वाळत असताना आभाळ भरून आलं, तर ‘आता नको रे बाबा’ म्हणणारा माणूस आणि महिन्याभरानं धानासाठी पाऊस मागणारा माणूस एकच असतो. त्याला कुणी स्वार्थी म्हणत नाही.

काळजी कर, पण कशाची ते नीट समजून घे. आपल्याकडे वर्षाला 1200 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घात होतो तो धान गर्भावर आल्यावर पावसानं पाठ फिरवली म्हणजे. तेव्हा वाचवतं ते तळं. गोंड राजांच्या काळात कोहळ्यांनी बांधलेले हे तलाव मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झाले, माजी मालगुजारी म्हणून ‘मामा तलाव’ म्हणवले गेले आणि ‘सरकारचं आहे, सरकार बघेल’ म्हणत गावानं हात काढून घेतला. माझ्या मते दुष्काळाचं निम्मं बीज तिथं आहे. मोठी धरणंही अखेर पावसाचीच मिंधी. 2010 च्या उन्हाळ्यात इरई धरण आटलं, तेव्हा चंद्रपूरच्या वीज केंद्रातले संच बंद ठेवावे लागले होते.

तर एका सकाळी तळ्याच्या पोटात उतर. भेगाळलेल्या गाळावरून चालत पाळीपर्यंत जा. घुशींची बिळं, बेशरमाची झुडपं, बुजलेलं पाटाचं तोंड, सगळं आत्ताच दिसेल. पाणी भरलं की झाकलं जाईल. गाळ काढायला ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे, पाळीच्या मातीकामाला रोजगार हमी. यंत्रवाल्यावर मात्र लक्ष ठेव. गाळाखालचा चिकण मातीचा थर त्यानं फोडला, तर तळं भर पावसाळ्यातही पाणी धरणार नाही. आणि गाळ गावच्याच शेतात जाऊ दे, वीटभट्टीवर नको.

उन्हाळ्यातलंच आणखी एक काम: मोहाखाली पाचोळा पेटवणाऱ्यांना पुढच्या वर्षी झाडून काढायला सांग. रागावू नकोस, त्यांना फुलं दिसायला हवी असतात, जंगल जाळायची हौस नसते.

तेंदूची फळी बंद झाल्याशिवाय ग्रामसभेला माणसं जमणार नाहीत, आणि त्यानंतर मृगाला फार दिवस उरत नाहीत. म्हणून तळ्याच्या कामाचा ठराव आणि मोजमाप आत्ताच तयार ठेव. सभा सकाळी सातला घे. दहानंतरच्या तपनीत कुणी बसणार नाही.

तुझे,
मोठेबाबा