साठ कित्ते

अक्षर वळणदार व्हावे म्हणून मुले कित्ता गिरवतात. परंतु २७ वर्षांचा मनुष्य चित्रांचा कित्ता पुढे घेऊन बसला, तर पाहणारास नवल वाटेल. व्हिन्सेंट व्हॅन गॉग हा डच तरुण १८८० साली नेमका तसा बसला होता. तोवर त्याने चित्रविक्रीच्या पेढीत नोकरी केली होती, शाळेत शिकवले होते, बेल्जियममधील कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या मजुरांत धर्मोपदेशही केला होता. यांपैकी एकही काम टिकले नाही. घरच्यांस त्याची काळजी लागली होती.

त्या खाणींच्याच मुलखात, क्वेम नावाच्या खेड्यात, एका खाणकामगाराच्या घरी तो राहत असे. खोली लहान, तीतच घरातील मुलेही निजत. तेथे त्याने खाणीकडे निघालेल्या मजुरांचे चित्र काढले. बर्फातून चाललेली ती माणसे लाकडी बाहुल्यांसारखी ताठ दिसतात. मजुरांविषयी त्याला कळवळा पुष्कळ होता. पण नुसत्या कळवळ्याने चित्रातला गुडघा वाकत नाही!

तेव्हा त्याने शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराची चित्रपाठमाला मागवली. तिच्या एका भागात मनुष्याकृतींचे ६० कित्ते होते, साध्या बाह्यरेषांनी काढलेले. ते कोळशाच्या कांडीने उतरवताना डोके उंचीचा कितवा भाग, खांदा कोठे उतरतो, टाच कशाच्या खाली येते, हे दर वेळी ताडून पाहावे लागते. नवशिक्याची खरी अडचण हातापेक्षा डोळ्याची असते. तांब्याचे तोंड गोल असते हे त्यास ठाऊक असते, म्हणून तो पुरते वर्तुळ काढतो. समोर ठेवलेल्या तांब्याचे तोंड मात्र चपटे, लांबट दिसत असते. जे ठाऊक आहे ते बाजूला सारून जे दिसते ते काढणे, हे सोपे काम नव्हे. व्हिन्सेंट पहाटेपासून सायंकाळपर्यंत कित्ते गिरवी. सगळे पुरे झाल्यावर पुढील वर्षी त्याने ते पुन्हा काढावयास घेतले.

१८८२ साली हेग शहरात त्याने एक लाकडी चौकट करवून घेतली. तीत उभ्या, आडव्या व तिरप्या तारा ताणलेल्या होत्या. ती समुद्रकिनारी वाळूत रोवून तिच्यातून पाहिले, की कोणती वस्तू कोणत्या तारेशी येते हे कळे. गजांच्या खिडकीतून, एक डोळा मिटून व डोके न हलवता, बाहेरचे झाड पाहिल्यास ही युक्ती कोणाच्याही ध्यानात येईल. जवळचे रोप दूरच्या वडाहून उंच भरते!

पुढे १८८८ साली त्याने सूर्यफुलांची ती प्रसिद्ध चित्रे रंगवली. जुलै १८९० मध्ये त्याचे निधन झाले. त्याच्या जेमतेम दोन महिने अगोदर त्याने आपला धाकटा भाऊ थिओ यास पत्र लिहून बार्गचे तेच ६० कित्ते पुन्हा मागितले. महिन्याभरात सगळे काढून होतील, असे त्याने कळवले. प्रमाणाचा अभ्यास सुटला तर पुढे आपली अडचण होईल, अशी त्यास धास्ती वाटत होती.