दूरच्या संगणकाला हाक

संगणकाच्या आज्ञावलीत एखादे काम वारंवार लागत असेल, तर त्याच्या सूचना एकत्र बांधून त्यांना नाव देतात. अशा तुकड्याला प्रोसीजर म्हणतात. 'वर्गमूळ काढ' हे नाव घेऊन 144 ही संख्या दिली, की 12 हे उत्तर मिळते. पण हा तुकडा दूरच्या दुसऱ्या संगणकात असला तर? मग नाव आणि संख्या संदेशात घालून तिकडे पाठवायची, काम तिकडेच करवून घ्यायचे आणि उत्तर परत मागवायचे. याला 'रिमोट प्रोसीजर कॉल' म्हणतात. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील केंद्रात काम करणाऱ्या अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी ही पद्धत कशी राबवावी, याचे सविस्तर वर्णन 1984 साली प्रसिद्ध केले.

हा संदेश न्यायचा कशातून? वेबचा साधा व्यवहार पत्रासारखा असतो. आपण विचारावे, तेव्हाच सर्व्हरने उत्तर द्यावे. आपण होऊन त्याला बोलता येत नाही. 2011 साली प्रमाणित झालेला 'वेब सॉकेट' मात्र दूरध्वनीसारखा आहे. सुरुवातीला एक विनंती जाते, सर्व्हर 101 या सांकेतिक अंकाने होकार देतो आणि त्यानंतर जोडणी उघडीच राहते. कोणीही केव्हाही बोलावे! लहान संदेशावरचे वेष्टनही अगदी थोडे असते. आपल्याकडून जाताना 6 बाइट, सर्व्हरकडून येताना 2 बाइट.

येथे एक अडचण उभी राहते. समजा, आपण एकामागून एक दोन कामे सांगितली. पहिले वेळखाऊ, दुसरे झटपट होणारे. दुसऱ्याचे उत्तर आधी येईल. कोणते उत्तर कशाचे, हे वेब सॉकेट सांगत नाही. धोबी प्रत्येक घरच्या कपड्यांवर खूण करतो, तशीच युक्ती येथेही योजतात. 'जेसन-आरपीसी' या पद्धतीत प्रत्येक प्रश्नात कामाचे नाव, लागणारी माहिती आणि एक क्रमांक असतो. उत्तरावर तोच क्रमांक परत येतो. नाव चुकले, तर 'असे काम येथे नाही' या अर्थाचा -32601 हा अंक येतो.

आता खरी कसोटी पाहू. 'या खात्यातून 500 रुपये त्या खात्यात टाक' असा संदेश गेला आणि जोडणी तुटली. संदेश पोचलाच नाही? की काम झाले, पण उत्तर वाटेत हरवले? आपल्याला दोन्ही वेळा ऐकू येते ती फक्त शांतता. पुन्हा सांगावे, तर 1000 रुपये जाण्याची भीती. न सांगावे, तर काम राहून जाण्याची.

यावर उपाय पुन्हा क्रमांकाचाच. अशा कामाला 1, 2, 3 असा साधा नव्हे, तर दुसऱ्या कोणत्याही कामाला कधी न मिळणारा क्रमांक देतात. नव्या जोडणीवरून तेच काम पुन्हा सांगताना क्रमांक बदलत नाहीत. सर्व्हर आपली नोंदवही पाहतो. तो क्रमांक तेथे असेल, तर काम पुन्हा न करता जुनेच उत्तर धाडतो.

विचार करा: 'दिवा लाव' आणि 'दिव्याचे बटण उलट कर' यांपैकी कोणती आज्ञा, उत्तर न आल्यास, नोंदवही नसतानाही निर्धास्तपणे पुन्हा देता येईल? का?