कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कालामांचा प्रश्न



१९५६ हे वर्ष आपल्या समाजाच्या स्मृतीत कोरलेले आहे. त्या वर्षी १४ ऑक्टोबर रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात काही शास्त्रज्ञ एकत्र आले आणि ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या ज्ञानशाखेची पायाभरणी झाली. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. आज मात्र त्या तुमच्या हातातील मोबाईलवर एकत्र आल्या आहेत.

गेल्या भीमजयंतीच्या भाषण स्पर्धेत एका विद्यार्थ्याने बाबासाहेबांचे म्हणून एक सुंदर वाक्य उद्धृत केले. आम्हांस ते अपरिचित वाटले. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेल्या ‘रायटिंग्ज अँड स्पीचेस’च्या खंडांत आम्ही ते शोधले, सापडले नाही. विचारता तो प्रामाणिकपणे म्हणाला, “सर, मोबाईलला विचारलं, त्यानंच लिहून दिलं.”

हे असे का घडते? हे यंत्र अफाट मजकुरावरून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे शिकलेले असते आणि त्याआधारे वाक्य रचते. मूळ ग्रंथ उघडून ते पाहतेच असे नाही. म्हणून खरे आणि खोटे दोन्ही ते सारख्याच ओघवत्या भाषेत सांगते. जयंतीच्या दिवसांत महापुरुषांची यंत्रनिर्मित चित्रे आणि त्यांना बोलताना दाखविणाऱ्या चित्रफिती व्हॉट्सॲपवर फिरतात. त्यांचीही गोष्ट तीच.

मग यंत्र आपले शत्रू काय? मुळीच नाही. १९४५ च्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीजींच्या यंत्रविरोधाचे सडेतोड खंडन केले आहे. यंत्रामुळे माणसाला पशुवत कष्टांतून सुटका आणि संस्कृतीसाठी फुरसत मिळते, असे त्यांचे प्रतिपादन होते. परंतु ती फुरसत विचार करण्यासाठी होती. विचारच यंत्रावर सोपविला, तर फुरसतीचे करायचे काय? ज्यांच्या पणजोबांना अक्षर नाकारले गेले, त्यांनी हाती आलेले अक्षर स्वखुशीने परत करावे काय?

पुराव्याचे मोल आपल्या वाशीमच्या मातीनेच शिकविले आहे. १९३९ मध्ये येथे सापडलेल्या विंध्यशक्ती दुसरा याच्या ताम्रपटाने वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेवर प्रकाश टाकला. याच शाखेतील हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख अजिंठ्याच्या सोळाव्या लेणीत आहे. इतिहास उभा राहतो तो अशा साक्षीवर.

केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना विचारले होते की, अनेक उपदेशक येतात, आम्ही खरे कोणाचे मानावे? केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा आपल्या गुरूने सांगितले आहे म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या, हा त्या उत्तराचा आशय. यंत्र हा आजचा नवा उपदेशक आहे. त्याला अवश्य विचारा. परंतु उद्धरण मूळ ग्रंथात पडताळा, तारीख दुसऱ्या साधनाशी ताडून पाहा आणि निबंधाचा पहिला मसुदा स्वहस्ते लिहा.

त्या विद्यार्थ्याने पुढे दोन सायंकाळ ग्रंथालयात बसून भाषण नव्याने लिहिले. ते थोडे अडखळत होते. परंतु प्रत्येक वाक्य कोठून आले, हे त्याला सांगता येत होते.