बी सांगेल तसं : घरच्या कॉफीचे अनुभव

माझ्या माहेरी, सदाशिव पेठेत, कॉफी रोजची नव्हती. एकादशीला व्हायची, रात्री गाण्याची बैठक असली की व्हायची, कुणी तापातून उठलं की व्हायची. भरपूर दूध, साखर आणि वर जायफळ. आता कोथरूडच्या घरात मी सकाळची कॉफी बिनदुधाची पिते, पण ती जायफळाची कॉफीही सोडलेली नाही. या दोन्हींच्या मधल्या वर्षांत हाताला आणि जिभेला जे कळलं, ते क्रमाने लिहिते आहे. क्रम महत्त्वाप्रमाणे लावलाय, पहिल्या दोन गोष्टी जमल्या तरी पुष्कळ झालं.

१. आधी बी ठरवा, भांडं नंतर

कॉफीची गोडी लागली की लोक पहिल्यांदा यंत्रं बघायला लागतात. मला विचाराल तर पहिला खर्च चांगल्या बियांवर करावा. कारण कुठल्या भांड्यात कॉफी करायची, हे त्या बियाच सांगतात.

हलकी भाजलेली बी कठीण असते. तिच्यातला स्वाद पाण्यात सावकाश उतरतो. तिला कडकडीत पाणी लागतं आणि कागदी गाळणीतून संथपणे केलेली पोअर ओव्हर तिला शोभते. फळासारखा आंबटपणा त्यात स्वच्छ कळतो. काळपट भाजलेली बी ठिसूळ, सच्छिद्र असते, भराभर उतरते आणि जास्त वेळ पाण्यात राहिली की कडवट होते. तिला मोका पॉट किंवा आपला स्टीलचा फिल्टर बरा. कर्नाटकातल्या बाबाबुडनगिरीच्या डोंगरातली फळासकट वाळवलेली, म्हणजे ‘नॅचरल’ अरेबिका मी दुधात कधीच घालत नाही. तिचा सगळा गुण सुगंधात, आणि दूध तो झाकून टाकतं. बिळिगिरीरंगन डोंगरातल्या अट्टीकन इस्टेटीची मध्यम भाजलेली कॉफी मात्र फ्रेंच प्रेसमध्ये चार मिनिटं ठेवली की चॉकलेटच्या अंगाने जाते. नवशिक्या माणसाला मी तीच देते.

आणि मान्सून मलबार. तिची गोष्ट मला फार आवडते. शिडाच्या जहाजांतून कॉफी युरोपला जायला कित्येक महिने लागत. समुद्राच्या दमट हवेत बिया फुगत, पिवळट पडत, त्यांचा आंबटपणा मरून जाई, आणि तिकडच्या लोकांना तीच चव सवयीची झाली. पुढे आगबोटी आल्या, १८६९मध्ये सुएझ कालवा खुला झाला, प्रवास आटोपशीर झाला आणि ती चव नाहीशी झाली. मग मंगळूरच्या बाजूला, जून ते सप्टेंबर, गोदामांत बिया पसरून त्यांना मुद्दाम पावसाळी वारा देण्याची रीत पडली. तोच नैर्ऋत्येचा वारा घाट चढून आपल्याकडे पाऊस आणतो. ही कॉफी जड आणि सौम्य असते. ज्यांना आंबट कॉफीने पोटात जळजळतं, त्यांना मी हिच्याकडे वळवते. मोका पॉटमधून काढून थोडं दूध घालून घ्यावी.

२. पाकिटाचा मागचा भाग वाचा

पुढच्या बाजूचं चित्र सोडून द्या. मागे तीन गोष्टी शोधा : भाजल्याची तारीख, मळ्याचं नाव आणि बी कशी सुकवली ते. ‘१०० टक्के अरेबिका’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्यावरून चवीचा काहीच अंदाज येत नाही. भाजल्यावर बी काही दिवस कार्बन डायऑक्साइड सोडत असते. हलकी भाजलेली असेल तर आठ-दहा दिवस थांबून उघडावी आणि पुढच्या महिन्या-दीड महिन्यात संपवावी. म्हणून पाव किलोच्या वर मी कधी घेत नाही.

मळ्याचं नाव वाचायला मिळणं ही आपल्याकडे नवी सोय आहे. १९४२च्या कॉफी कायद्यानंतर मळेवाल्यांना आपलं पीक कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यावं लागे. सगळ्यांची कॉफी प्रतवारीप्रमाणे एकत्र होई आणि कुणाच्या डोंगरावरची, हे गिऱ्हाइकाला कळायला वाव नसे. १९९०च्या दशकात ही सक्ती टप्प्याटप्प्याने उठली. माझ्या आईने कितीही मनात आणलं असतं, तरी तिला एका मळ्याची कॉफी मागता आली नसती. मी मागू शकते, आणि त्या शेतकऱ्याच्या वर्षभराच्या मेहनतीला त्यामुळे नाव मिळतं. मला यात चवीइतकाच आनंद वाटतो.

बियांची जातही लिहिलेली असली तर वाचा. ‘एस ७९५’ दिसलं की मी बहुधा उचलतेच. चिकमंगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूरला १९२५पासून कॉफीचं संशोधन केंद्र आहे. तांबेरा रोगाने अरेबिकाचे मळे सारखे खलास होत होते, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी जुन्या ‘केंट’ जातीचा संकर एका रोगाला तोंड देणाऱ्या झाडाशी केला, आणि १९४०च्या दशकात ही जात शेतकऱ्यांच्या हाती दिली. तिच्या वंशात लायबेरिका या दांडग्या जातीचंही रक्त आहे. इतक्या वर्षांनंतरही दक्षिणेतल्या अरेबिकाच्या मळ्यांत ती टिकून आहे, आणि चवीला गोलसर, गोडसर आहे.

एक सूचना : ‘रत्नगिरी इस्टेट’ असं वाचून कोकणातली कॉफी समजू नका. तो मळा बाबाबुडनगिरीत आहे. कॉफी मात्र सुरेख.

३. रोबस्टाला कमी लेखू नका

भारतात पिकणाऱ्या कॉफीत सुमारे ७० टक्के रोबस्टा असते. तिच्यात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट. नुसती पाण्यातली रोबस्टा फार थोड्यांना आवडेल, पण दुधाच्या कॉफीत तिच्याशिवाय अंग येत नाही. वायनाडच्या रोबस्टाला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, कुर्ग, चिकमंगळूर, बाबाबुडनगिरी आणि अराकूच्या अरेबिकांबरोबरच. माझ्या फिल्टरच्या मिश्रणात पीबेरी, म्हणजे फळात एकच गोल बी धरलेली कॉफी, दोन भाग आणि नीट धुऊन सुकवलेली रोबस्टा एक भाग असते.

४. दळणं ऐन वेळी

हाताने फिरवायचा, दात्यांचा ग्राइंडर घ्या. कॉफीवरच्या खर्चात बियांच्या खालोखाल मान त्याचा. तो नसेल तर मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात थांबत थांबत फिरवा, सलग फिरवलं की पूड तापते. फिल्टरसाठी बारीक रव्याइतकी, फ्रेंच प्रेससाठी जाड. तेही नको असेल तर रास्ता पेठेत दक्षिणेकडच्या कुटुंबांची जुनी वस्ती आहे, त्या बाजूच्या दुकानदाराला विचारून आठवड्यापुरतीच पूड घ्या.

५. पुण्याचं पाणी ओळखा

कॉफीत जवळजवळ सगळं पाणीच असतं, तरी त्याचा विचार सर्वांत शेवटी होतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. बाहेरच्या पुस्तकांतून ९२ ते ९६ अंश सांगितलेले असतात. त्यासाठी थर्मामीटर विकत घ्यायची गरज नाही. आधण आलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा, हलक्या भाजणीला ते पाणी चालतं. काळपट भाजणी असेल तर दोन मिनिटं थांबा.

दुसरं, पाण्याचा जडपणा. खडकवासल्याचं नळाचं पाणी तसं मृदू, कॉफीला उत्तम. पण उपनगरांतल्या कित्येक सोसायट्या बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालतात आणि काळ्या पाषाणातून आलेल्या त्या पाण्यात क्षार फार. त्यात चांगल्यातली चांगली कॉफीही खडूसारखी बोथट लागते. उलट आरओच्या पाण्यात क्षार इतके कमी की कॉफी पोकळ वाटते, कारण स्वाद ओढून घ्यायला थोडं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम लागतंच. वाघोलीला राहणाऱ्या माझ्या बहिणीला मी आरओचं पाणी आणि साधं गाळलेलं पाणी मिसळून वापरायला सांगितलं. तिने दुसऱ्या दिवशी फोन केला, “ताई, तीच पूड आहे ना गं ही?”

६. फिल्टरला घाई चालत नाही

माझ्या मते घरच्या कॉफीसाठी स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरइतकं गुणी भांडं नाही. वीज नको, कागद नको, तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत सहज मिळतो आणि जन्मभर टिकतो. वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे पूड घाला, हलक्या हाताने सपाट करा, भोकांची चकती ठेवा. आधी थोडंसंच गरम पाणी घालून पूड भिजू द्या, मग बाकीचं गोलाकार ओता, झाकण लावा आणि वीस मिनिटं तिकडे बघू नका. पूड दाबून बसवली तर डिकॉक्शन उतरतच नाही. फारच भराभर उतरलं, तर पूड जाड झाली असं समजावं. भोकं बुजली की फिल्टर रिकामा करून वरचं भांडं गॅसवर मिनिटभर तापवून घ्या, अडकलेली पूड जळून निघते.

चिकोरीबद्दल लोक हळू आवाजात बोलतात, त्याचं काही कारण नाही. ती एका वनस्पतीची भाजलेली मुळी आहे. आपल्याकडे ती गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात पिकते, तिच्यात कॅफीन नसतं, आणि ती डिकॉक्शनला रंग आणि दाटपणा देते. कायद्याने चिकोरी-कॉफीच्या मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. मला दहा ते वीस टक्के आवडते. चाळीसच्या पुढे कॉफीचा वास पुसला जातो. फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशालीने, म्हणजे जगन्नाथ शेट्टींच्या जुन्या मद्रास हेल्थ होमने, पुणेकरांच्या किती पिढ्यांना या चवीची ओळख करून दिली! माझ्या पिढीने फिल्टर कॉफी घरी यायच्या आधी तिथेच चाखली.

७. जायफळाची कॉफी ही खरी कॉफी आहे

कॉफीच्या जाणकारांत बसलं की आपल्या घरची जायफळाची कॉफी सांगायला मराठी माणूस संकोचतो. मला हे मुळीच पटत नाही. येमेन आणि अरबस्तानात कॉफीत वेलदोडे घालतात, त्याला जग परंपरा म्हणून मान देतं. आपली जायफळाची रीतही तशीच आपल्या मातीतली आहे. कोकणात नारळी-पोफळीच्या सावलीत जायफळ पिकतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’सारख्या जायफळाच्या जाती काढल्या आहेत. डिसेंबरच्या थंडीत सवाई गंधर्व महोत्सवात कपातून वर येणारा जायफळाचा वास ज्याने घेतलाय, त्याला मी वेगळं काय सांगू?

फक्त ती नीट करावी. माझे सासरे नाना यात फार काटेकोर होते. ते म्हणायचे, “सूनबाई, जायफळ उकळायचं नाही, भुरभुरायचं.” त्यांचं म्हणणं बरोबर होतं. जायफळाचा सुगंध उडून जाणाऱ्या तेलांत असतो, उकळीत तो स्वयंपाकघरात पसरतो आणि कपात उरत नाही. म्हणून पूड आधीपासून करून ठेवू नये, अख्खं जायफळ कप भरल्यावर वर किसावं, दोन-तीन फेऱ्या, बस. कॉफी मात्र दणकट हवी : काळपट भाजलेली, रोबस्टा असलेली, थोडी चिकोरी चालेल. हलकी भाजलेली महागडी अरेबिका इथे वाया जाते.

दूध म्हणाल तर चितळ्यांचं म्हशीचं दूध घेतलं की कॉफी दाट होते. गाईचं घेतलं की जायफळ जास्त कळतं. सकाळपासून तीनदा तापवलेलं, साय काढून घेतलेलं दूध वापरू नका. पहिल्यांदा तापवलेल्या दुधाला स्वतःची गोडी असते, साखर अर्ध्याने कमी लागते.

८. हवेप्रमाणे हात बदला

पावसाळ्यात पुण्याच्या दमट हवेत पूड तासाभरात ओल धरते. तेव्हा बिया घट्ट झाकणाच्या डब्यात आणि डबा गॅसपासून लांब. फ्रिजमध्ये ठेवू नका, दार उघडझाक करताना बियांवर दव धरतं आणि शेजारच्या लसणाचा वास लागतो. एप्रिल-मेच्या दुपारी उलट होतं : हवा इतकी कोरडी की पूड ग्राइंडरच्या आत चिकटून बसते. बोट ओलं करून पाण्याचा एक थेंब बियांना लावा, मग दळा, स्थिर वीज बसते आणि पूड सगळी खाली येते. त्याच दिवसांत कोल्ड ब्रू करा : जाड पूड एक भाग, पाणी आठ भाग, रात्रभर फ्रिजमध्ये, सकाळी सुती फडक्यातून गाळा.

९. प्रमाण वजनाने

पोअर ओव्हरसाठी १५ ग्रॅम पूड, २४० ग्रॅम पाणी. पहिलं ३० ग्रॅम पाणी ओतून अर्धा मिनिट थांबा, पूड फुगते आणि वायू निघून जातो. मग उरलेलं दोन-तीनदा करून ओता. आंबट वाटली तर बारीक दळा, कडू वाटली तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदला. वजनकाटा स्वयंपाकघरातला चालतो.

१०. महाराष्ट्राच्या कॉफीची चौकशी करा

अमरावती जिल्ह्यात, मेळघाटाच्या माथ्यावर, चिखलदऱ्याला कॉफी पिकते. महाराष्ट्रात कॉफीसाठी ओळखली जाणारी जागा हीच, उंची हजार मीटरच्या वर. लागवड इंग्रजांच्या काळापासूनची. आता राज्यात कसबी भाजणारे आहेत. नागपूरला मिथिलेश वझलवार यांचं कॉरिडॉर सेव्हन आहे, चिखलदऱ्याहून काही तासांच्या अंतरावर. पुण्या-मुंबईतही चांगली भाजलेली कॉफी सहज मिळते. आपल्याकडच्या पाकिटांवर चिकमंगळूर येतं, कुर्ग येतं, आंध्रातल्या आदिवासी शेतकऱ्यांचं अराकू येतं. सातपुड्यातल्या या डोंगराचं नावही यावं, असं मला मनापासून वाटतं. अराकूलाही एके काळी कुणी ओळखत नव्हतं. तिथल्या शेतकऱ्यांना रोपं, प्रशिक्षण आणि योग्य भाव मिळाला आणि २०१७मध्ये त्या कॉफीचं दुकान पॅरिसला उघडलं. चिखलदऱ्याला कुणी जाणार असेल, तर मी पाव किलो हिरव्या बिया आणायला सांगते. लोखंडी कढईत, मंद आचेवर, सतत हलवत, पहिली तडतड ऐकू येऊन थांबेपर्यंत भाजायच्या आणि लगेच परातीत पसरून पंख्याखाली गार करायच्या.