नकाशाची शर्यत



यंदा जानेवारी महिन्यात आमच्या शाळेत शनिवार व रविवार असे दोन दिवस नकाशाची शर्यत झाली. ही शर्यत कशी असते, तिच्यासाठी काय काय शिकावे लागते आणि माझी कोणती चूक झाली, ते मी या लेखात लिहीत आहे. चूक लिहायला मला लाज वाटत होती. पण गुरुजी म्हणाले, "बरोबर आलेले उत्तर सगळेच लिहितात. चुकलेले लिहिले तर ते दुसऱ्याच्या कामी पडते." म्हणून लिहितो.

हा खेळ कोठला?

या खेळाला ओरिएंटियरिंग म्हणतात. नाव कठीण आहे. आम्ही त्याला नकाशाची शर्यत असेच म्हणतो. हा खेळ नॉर्वे आणि स्वीडन या थंड देशांतला. तेथे मोठमोठी जंगले आहेत. नकाशा पाहून जंगलातून वाट काढणे हे तेथे आधी सैनिकांना शिकवत. मग ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी नॉर्वेत ओस्लो शहराजवळ सर्व लोकांसाठी पहिली शर्यत झाली. स्वीडनमध्ये एर्न्स्ट किलांडर नावाचे एक स्काऊटचे पुढारी होते. त्यांनी १९१९ साली स्टॉकहोम शहराजवळ मोठी शर्यत घेतली व हा खेळ वाढवला. १९६१ साली या खेळाची जागतिक संघटना झाली आणि १९६६ साली फिनलंड देशात पहिली जागतिक स्पर्धा झाली.

खेळ असा. प्रत्येकाला एक नकाशा मिळतो. नकाशावर जांभळ्या रंगाचा एक त्रिकोण असतो. तेथून निघायचे. मग गोल असतात, त्यांच्याजवळ क्रमांक असतात. प्रत्येक गोलाच्या जागी रानात नारिंगी व पांढऱ्या रंगाचे निशाण टांगलेले असते. ती निशाणे क्रमाने शोधायची. शेवटी एकात एक असे दोन गोल असतात, तेथे शर्यत संपते. कोणत्या वाटेने जायचे हे कोणी सांगत नाही. आपणच ठरवायचे. म्हणून या खेळात पाय आणि डोके दोन्ही लागतात.

निशाणापर्यंत खरोखर गेलो हे कळण्यासाठी पूर्वी कागदावर टाचणीसारख्या दातांचा चिमटा दाबत. आता मोठ्या स्पर्धांत बोटाला लहानसे विजेचे यंत्र बांधतात, ते खुणेच्या पेटीला लावले की वेळेची नोंद होते. आमच्याकडे तसे यंत्र नव्हते. आम्ही भेंडी, बटाटा आणि कांदा कापून ठसे केले. प्रत्येक निशाणाजवळ वेगळा ठसा आणि शाईची वाटी ठेवली. निशाणे आमच्या बाईंनी जुन्या कापडाची शिवली.

नकाशा कोण करतो?

आपल्या देशाचे नकाशे भारतीय सर्वेक्षण विभाग तयार करतो. हा विभाग १७६७ साली सुरू झाला. त्याचे मुख्य कार्यालय देहरादूनला आहे. १८०२ साली विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासजवळ जमिनीवर एक सरळ रेषा साखळीने नीट मोजली. मग त्या रेषेच्या दोन्ही टोकांवरून दूरची एक टेकडी पाहिली व कोन मोजले. त्याचा त्रिकोण झाला. त्या त्रिकोणाच्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्यावर आणखी पुढचा, असे करत ते अनेक वर्षे उत्तरेकडे सरकत आले. कोन मोजण्याचे त्यांचे यंत्र अर्धा टन वजनाचे होते. म्हणजे पन्नास किलोची दहा पोती! हे काम करता करताच २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन आपल्या विदर्भात हिंगणघाट येथे वारले. तेथे त्यांची कबर आहे. पुढे ते काम दुसऱ्यांनी हिमालयापर्यंत नेले.

गुरुजींनी ही गोष्ट सांगून विचारले, "यातून काय शिकलात?" कोणाला सांगता आले नाही. तेव्हा ते म्हणाले, "पुढची टेकडी मोजायची असेल तर आधी आपण उभे आहोत ती जागा पक्की पाहिजे." मी हे वहीत लिहून घेतले. पण नुसते वहीतच राहिले, हे पुढे कळेल.

आम्ही काय शिकलो?

(१) दिशा. सकाळी सूर्याकडे तोंड केले की समोर पूर्व, मागे पश्चिम, डाव्या हाताला उत्तर व उजव्या हाताला दक्षिण. पण थंडीत सूर्य बरोबर पूर्वेला उगवत नाही, थोडा दक्षिणेकडे सरकून उगवतो. म्हणून आम्ही काठीचाही प्रयोग केला. दुपारी बाराच्या सुमारास मैदानात काठी उभी रोवली. सावलीच्या टोकाला एक खडा ठेवला. वीस मिनिटांनी सावली सरकली, तेव्हा नव्या टोकाला दुसरा खडा ठेवला. पहिला खडा पश्चिमेला व दुसरा पूर्वेला येतो.

(२) होकायंत्र. काट्याचे रंगवलेले टोक उत्तर दाखवते. पण जवळ लोखंड असेल तर काटा फसतो. आम्ही होकायंत्र बोरिंगच्या लोखंडी नळाजवळ नेले तर काटा वळला. म्हणून होकायंत्र पाहताना बोरिंग, लोखंडी फाटक, सायकल यांपासून दूर उभे राहावे.

(३) नकाशा बसवणे. नकाशात वरची बाजू उत्तर असते. आपण कोठेही तोंड करून उभे असलो तरी नकाशाची वरची बाजू खऱ्या उत्तरेकडे फिरवायची. याला नकाशा बसवणे म्हणतात. मग नकाशात जे उजवीकडे, ते जमिनीवरही उजवीकडेच येते.

(४) अंतर. गुरुजींच्या नकाशाचे प्रमाण १ सेंटीमीटरला ५० मीटर असे होते. आम्ही रस्त्यावर टेपाने १०० मीटर मोजले आणि चालून पाहिले. मला ८४ जोडपावले लागली. डावे व उजवे मिळून एक जोडपाऊल. म्हणजे नकाशात ६ सेंटीमीटर असेल तर ते झाले ३०० मीटर, आणि माझी २५२ जोडपावले.

(५) नियम. एकट्याने जायचे नाही, जोडीने जायचे. पाण्यात उतरायचे नाही. पेरलेल्या शेतात शिरायचे नाही. कोणी पडला, लागले, तर शर्यत सोडून त्याला मदत करायची. आणि शेवटचा नियम गुरुजींनी तीनदा सांगितला. सर्व निशाणे सापडोत अगर न सापडोत, शेवटच्या खुणेजवळ येऊन आपले नाव सांगायचेच. तेथे नाव सांगितल्याशिवाय कोणी घरी जायचे नाही. जगातल्या मोठ्या स्पर्धांतही हा नियम असतो.

शनिवार

शनिवारी सकाळची शाळा. चौदा जोड्या होत्या. माझा जोडीदार माझा चुलतभाऊ, तिसरीतला. मी वर्गात सगळ्यांत जोरात पळतो. आणि गाव तर मला पाठच आहे. मला वाटले, पहिला नंबर आपलाच.

पहिले निशाण आंब्याच्या झाडाला होते, लगेच सापडले. दुसरे मारुतीच्या पाराजवळ सापडले. तिसरा गोल बोडीच्या काठावर होता. तेव्हा आम्ही दक्षिणेकडे तोंड करून उभे होतो. भाऊ म्हणाला, "दादा, नकाशा फिरव ना." मी म्हटले, "मला गाव पाठ आहे, चल." नकाशात बोडी उजवीकडे दिसत होती म्हणून मी उजवीकडे पळालो. पण नकाशाची उजवी बाजू म्हणजे पूर्व. आणि दक्षिणेकडे तोंड असताना आपला उजवा हात असतो पश्चिमेला!

आपला भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा आहे. तलाव आणि बोड्या जिकडे तिकडे. त्यामुळे पश्चिमेलाही बोडी निघालीच. निशाण मात्र तेथे नव्हते. आम्ही पाळीवरून दोनदा फिरलो. पूर्वेची बोडी ३०० मीटरवर होती आणि ही ४५० मीटरवर. जोडपावले मोजली असती तरी चूक कळली असती. मी मोजलीच नव्हती.

भावाच्या चपलेचा पट्टा तुटला. त्याने ती चप्पल पाळीवर ठेवली व दुसरी हातात घेतली. वेळ खूप झाला होता. आता शेवटचे येऊ, सगळे हसतील, असे मला वाटले. तेथून आमचे घर जवळ होते. भाऊ म्हणाला, "गुरुजींना सांगायचे ना?" मी म्हटले, "उद्या सांगू." आम्ही घरी गेलो. आई शेतावर होती. आम्ही भात-वरण वाढून घेतले व जेवायला बसलो.

इकडे काय झाले ते मला नंतर कळले. सर्व जोड्या परत आल्या, आमची आली नाही. गुरुजींनी वहीत पाहिले, आमच्या नावापुढे खूण नव्हती. सगळे शोधायला निघाले. गाई चारणाऱ्या एका आबाजींनी सांगितले, "दोन पोट्टे तिकडच्या बोडीकडे पळताना दिसले." माझे बाबा शेवटच्या खुणेजवळ बसले होते. ते त्या बोडीकडे धावले. पाळीवर त्यांना भावाची एकच चप्पल दिसली.

बाबा कपड्यांसकट पाण्यात उतरले. आणखी दोघे उतरले. कमरेएवढ्या पाण्यात ते पायांनी चाचपत होते.

शेजारच्या काकूने आम्हाला जेवताना पाहिले आणि ओरडतच ती बोडीकडे गेली. थोड्या वेळाने बाबा दारात आले. त्यांच्या कपड्यांतून पाणी गळत होते. हातात ती चप्पल होती. मला वाटले, आता मार बसणार. पण ते काही बोलले नाहीत. उंबऱ्यावर बसले. त्यांचे हात थरथरत होते. आधी मला वाटले थंडीने. मग कळले, थंडीने नाही. माझ्या ताटातला भात तसाच राहिला.

संध्याकाळी मी व भाऊ गुरुजींच्या खोलीवर गेलो व खरे ते सांगितले. गुरुजी म्हणाले, "निशाण न सापडणे ही चूक नाही, तो खेळ आहे. न सांगता घरी जाणे ही चूक आहे. आपण कोठे आहोत ते आपल्याला कळले पाहिजे, आणि आपली वाट पाहणाऱ्यालाही कळले पाहिजे."

रविवार

रविवारी शर्यत गावाबाहेरच्या शेतांमधून होती. आम्हाला घेणार नाहीत असे वाटले होते, पण घेतले. आधी गुरुजींनी मला सर्वांपुढे उभे करून शेवटचा नियम म्हणायला सांगितला. मी म्हटला. कोणी हसले नाही.

या वेळी प्रत्येक निशाणाजवळ आम्ही थांबलो. आधी नकाशा बसवला. आपण उभे आहोत त्या जागी अंगठा ठेवला. मगच निघालो. चालताना भाऊ जोडपावले मोजत होता आणि मी नकाशा पाहत होतो. जागा बदलली की अंगठाही पुढे सरकवायचा.

धानाची कापणी झालेली होती, पण बांध्यांमध्ये लाखोळी उभी होती. चौथे निशाण समोर दिसत होते. मधून सरळ गेलो असतो तर दोन मिनिटे वाचली असती. पण नकाशात त्या शेतावर आडव्या रेघा होत्या, म्हणजे आत जायचे नाही. आम्ही धुऱ्याधुऱ्याने वळसा घालून गेलो. पाचव्या निशाणाला आम्ही थोडे पुढे निघून गेलो. पण नकाशात त्याच्या पलीकडे पांदण होती. पांदण लागली म्हणजे आपण पुढे आलो, हे आधीच ठरवले होते. म्हणून लगेच मागे फिरलो व निशाण सापडले.

आम्हाला ४१ मिनिटे लागली. चौदा जोड्यांत आमचा नववा नंबर आला. पहिला नंबर तिसरीतल्या दोन मुलींचा आला. त्या माझ्याहून हळू पळतात, पण एकदाही वाट चुकल्या नाहीत.

शेवटच्या खुणेजवळ येऊन आम्ही दोघांनी मोठ्याने नावे सांगितली. गुरुजींनी वहीत खूण केली. बाबाही तेथे होते. त्यांनी वही हातात घेतली, आमच्या नावापुढची खूण पाहिली आणि पुन्हा एकदा पाहिली.

तेव्हा मित्रांनो, पळण्याआधी आपण कोठे उभे आहोत ते पाहा. रानात, बाजारात, जत्रेत कोठेही गेलात तरी परत आल्याचे घरी सांगा. मोबाईलवर नकाशा दिसतो हे खरे, पण आपण परत आलो की नाही, ते आपल्यालाच सांगावे लागते.

करून पाहा

(१) शेजारी शर्यतीचा नकाशा लावला आहे. त्यात शाळेपासून पूर्वेची बोडी किती सेंटीमीटरवर आहे ते पट्टीने मोजा व मीटर काढा.

(२) १०० मीटरला तुमची जोडपावले किती होतात ते मोजून वहीत लिहा.

(३) दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. तुमच्या उजव्या हाताला कोणती दिशा आहे? मी हे उत्तर आता कधीच विसरणार नाही.

– इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, एकोडी